चिठ्ठीखालचं लाकूड

धारमध्ये आमच्या घराला सतारवाल्यांचं घर म्हणत, पण आम्ही मूळचे सुतार. मराठी फौजांबरोबर माळव्यात आलेला आमचा पूर्वज तोफांचे गाडे दुरुस्त करायचा. पुढे तोफा गंजल्या, गाडे मोडले, आणि माझ्या आजोबांनी सतारी-तंबोरे करायला घेतले. वडिलांनी तेच केलं, मीही तेच. वडील गेले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि शतक नुकतंच उलटलं होतं. माझा हात चांगला होता, तोंड फार वाईट होतं. हे दुसरं मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशीही भांडलो असतो.

गावात एक सरदार राहत. त्यांना इंग्रजी वाद्यांचा नाद होता. हवेलीत सहा व्हायोलिनी होत्या, दोन बासऱ्या होत्या, आणि एक माणसापेक्षा उंच वाद्य होतं. सरदारांनी ठेवलेला बँडमास्तर त्याला ‘बास’ म्हणे. व्हायोलिनचाच आकार, पण एवढा मोठा की उभं राहून, त्याला छातीशी धरून वाजवावं लागे. हवेलीतले नोकर त्याला ‘साब की भैंस’ म्हणत. पाहुणे आले की सरदार त्यांना आधी बास दाखवत, मग जेवायला बसवत. हे इटलीचं काम, दीडशे वर्षांपूर्वीचं, असं ते सांगत. बास त्यांना सासुरवाडीहून, म्हणजे देवासहून, लग्नात मिळाला होता. आतल्या बाजूला एक छापील चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर कारागिराचं नाव होतं. मला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, तेव्हा मास्तर वाचेल ते खरं.

मास्तर पुण्याकडचा. महूच्या छावणीत गोऱ्यांच्या बँडमध्ये शिकून आलेला. वाजवायचा मात्र उत्तम, हे मी आज कबूल करतो. बासवर त्याने गज टेकवला की ओसरीची फरशी पायाखाली थरथरायची. पण मी हवेलीची वाद्यं दुरुस्त करायला जाऊ लागलो आणि माझं आणि त्याचं पहिल्या महिन्यातच बिनसलं. मी एका वादकाला म्हणालो, ‘‘भिया, जरा सरको, मला तारांखालची घोडी बघू द्या.’’ मास्तर तिथूनच म्हणाला की मराठी येत नसेल तर गप्प बसावं, ही खिचडी कानाला सोसत नाही. मी म्हणालो की तुमच्या शुद्ध मराठीने वाद्याची मान चिकटत नाही, ती सरेसाने चिकटते. वादक हसले. ते हसू त्याने मला कधी माफ केलं नाही.

महिन्याभरात त्याने उट्टं काढलं. मी दुरुस्त करून दिलेली एक व्हायोलिन त्याने सगळ्या वादकांसमोर हातात घेतली, चाकूचं पातं सांध्यात घातलं आणि माझा सांधा उखडून दाखवला. ‘‘बापाने खाटा ठोकायला शिकवलं असेल,’’ तो म्हणाला, ‘‘वाद्य नव्हे.’’ वडिलांना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी हत्यारं गुंडाळली आणि घरी आलो. त्या दिवसापासून मी त्याच्या चुकीची वाट पाहू लागलो. कामाला जायचो, मान खाली घालून काम करायचो, आणि सारखं मनात तेच. असा दावा मांडून राहायला एक प्रकारची मेहनत लागते, आणि ती मी मनापासून केली.

दोन उन्हाळे असेच गेले. तिसऱ्या वैशाखात गरम वाऱ्याची लू अशी चालली की गावातल्या दारं-खिडक्यांच्या फळ्या वाकल्या, आणि बासच्या पोटाला वरपासून खालपर्यंत चीर गेली. वाजवला की चरचरायचा. सरदारांनी मला बोलावलं. मास्तर आडवा आला. त्याचं म्हणणं, असल्या वाद्याला गावठी सुताराचा हात लागता कामा नये, मुंबईला पाठवावं. सरदार म्हणाले की मुंबईला जाईपर्यंत त्याची लाकडं होतील. शेवटी असं ठरलं की मी हवेलीच्या ओसरीवरच काम करायचं, मास्तरने समोर बसून पाहायचं.

चीर आतून बुजवायची तर पोट काढावं लागतं. पोट म्हणजे पुढची फळी. कढत पाण्यात बुडवलेलं पातळ पातं सांध्यात सरकवत न्यायचं, सरेस मऊ होतो, फळी सुटते. दोन दिवस लागले. मास्तर खुर्चीवर बसून पान खात होता आणि प्रत्येक करकर आवाजाला ‘‘सांभाळ’’ म्हणत होता. फळी निघाली, मी आत वाकलो, आणि पहिल्यांदा नाकाने सांगितलं.

आत तून होतं. तून म्हणजे आमचं रोजचं लाकूड, लालसर, हलकं, सतारीच्या दांडीला आणि पडद्यांखालच्या पट्टीला आम्ही तेच वापरतो. त्याला एक वास असतो, गोडसर आणि थोडा मिरमिरणारा. मी पाठीच्या फळीवर नखाएवढी जागा खरवडली आणि लहानपणचं आमचं पडवीतलं कामाचं ठिकाण समोर उभं राहिलं. व्हायोलिनींची पाठ मी पाहिलेली होती. ती पांढरट लाकडाची असते आणि तिच्यावर रेशमासारखे आडवे पट्टे खेळतात. इथे ते पट्टे होते, पण रंगाने काढलेले. बाहेरून कोणी काळजीपूर्वक ब्रशने एकेक पट्टा ओढला होता. कडेच्या फळ्यांना आतून आधार म्हणून ज्या चिंचोळ्या पट्ट्या चिकटवतात, त्या वेळूच्या होत्या. इटलीत वेळू असतो की नाही मला ठाऊक नव्हतं. पण वेळू कसा चिरलाय ते मला ठाऊक होतं. बुरूड चिरतो तसा.

मग चिठ्ठी. ती जिथे डकवली होती तिथे बोट फिरवलं तर कड लागली. कागदाची कड एवढी जाड नसते. मी ओल्या फडक्याने एक कोपरा मऊ केला आणि उचलून पाहिला. कागदाच्या खाली लाकडाचा पापुद्रा होता, पांढरट, रेशमी पट्ट्यांचा. चिठ्ठी खरी होती. पण ती दुसऱ्या वाद्यातून कापून, खालच्या लाकडासकट तासून काढून, या वाद्यात बसवलेली होती.

मी कोपरा पुन्हा दाबून ठेवला. मास्तर खुर्चीवर बसला होता आणि त्याला फक्त माझी पाठ दिसत होती. मला आनंद झाला, आणि तो आनंद चांगला नव्हता. दोन वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते माझ्या बोटाखाली होतं. पण तेव्हाच बोललो असतो तर तो म्हणाला असता की मीच पापुद्रा चिकटवला. मला माणूस हवा होता, हे ज्याने केलं तो.

त्याची एकच खूण आत होती. ज्या ठिकाणी पटाशीने लाकूड कोरतात तिथे तिचे व्रण राहतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे व्रण एका बाजूला झुकतात. माझे झुकतात, वडिलांचे झुकायचे. या बासच्या आतले सगळे व्रण उलटे झुकलेले होते. करणारा डावखुरा होता. आणि फळ्यांवर जुळणीसाठी जे आकडे टाकले होते ते मोडीतले होते. म्हणजे आमच्यासारखाच कोणी मराठी सुतार, डावखुरा, आणि बास देवासहून आला म्हणजे बहुतेक देवासचा.

चीर बुजवली, पोट पुन्हा बसवलं, सरेस वाळायला महिना द्या असं सांगितलं, आणि मामेबहिणीकडे कार्य आहे म्हणून देवासला निघालो. घरी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली की त्या मास्तरचं नाक कापायला एवढ्या लांब कशाला जायचं, आणि माझं बोचकं बांधून दिलं.

टांग्याने इंदूर, तिथून दुसऱ्या टांग्याने देवास. तेव्हा देवासची थोरली पाती वेगळी आणि धाकटी पाती वेगळी, एकाच गावात दोन राज्यं. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा, आणि दोन्हीकडच्या नोकरमाणसांत विस्तव जात नसे. मी ज्या सुतारांना विचारलं त्यांनी आधी मलाच विचारलं की तू कोणत्या पातीसाठी विचारतोस. धारचा आहे म्हटल्यावर जरा सैल झाले. टेकडीच्या पायथ्याशी खाटा-बाजांची कामं करणारा एक म्हातारा होता. डावखुरा म्हणताच त्याने हातातली कानस खाली ठेवली. ‘‘तो चोर?’’ तो म्हणाला. ‘‘तो इथे नाही. तीस बरसें झाली. पीपलरावांला जाऊन पडलाय.’’

चोर कसा, तर एका मोठ्या घराच्या कोठारातल्या तुनाच्या फळ्या त्याने लांबवल्या. फळ्या कधी सापडल्या नाहीत. त्याला चावडीवर उभं केलं, हत्यारं काढून घेतली, आणि गावातल्या कोणीही त्याला काम द्यायचं नाही असं झालं. ते मोठं घर कोणतं म्हणून मी विचारलं. ती आमच्या सरदारांची सासुरवाडीच होती.

तुनाच्या फळ्या कुठे गेल्या ते मला तिथल्या तिथे कळलं. त्या मी हाताळून आलो होतो.

पीपलरावां गाव मोठं, काळ्या मातीचं. एका धान्याच्या गाडीवर बसून मी पोचलो तेव्हा सकाळ होती. म्हातारा गावाबाहेर लिंबाखाली गाडीचं चाक करत बसला होता. लाकूड तासायचा वाकस डाव्या हातात होता. मी बराच वेळ नुसता पाहत उभा राहिलो. आऱ्याला तो एक टोला मारायचा आणि दुसरा लागायचाच नाही. असा हात मी त्याआधी फक्त वडिलांचा पाहिला होता.

मी नमस्कार केला, धारचा सतारवाला म्हणून सांगितलं, कोणाचा मुलगा ते सांगितलं. वडिलांचं नाव त्याला माहीत होतं. त्याने सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. तोवर सगळं ठीक होतं. मग मी म्हणालो की बाबा, धारच्या हवेलीत एक मोठं इंग्रजी वाद्य आहे, त्याच्या आत मी तुमचा हात पाहिला.

त्याचा चेहरा बदलला नाही. त्याने चाक पायाने बाजूला लोटलं आणि उठला. ‘‘पाणी पी आणि चालता हो,’’ म्हणाला.

मी चिकाटी धरली. तून, वेळू, चिठ्ठीखालचा पापुद्रा, सगळं एका दमात सांगितलं. मला वाटत होतं की तो ऐकून हरखेल. तो वाकस उचलून माझ्या अंगावर दोन पावलं आला. ‘‘मी नांगर करतो, वखर करतो, चाकं करतो,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा त्या वस्तूचं नाव इथे काढलंस तर पाय तोडीन.’’ पाण्याचा तांब्या मी भरलेलाच खाली ठेवला आणि निघालो.

विहिरीपाशी त्याच्या सुनेने मला गाठलं. तिशीची बाई, हातात घागर, बोलणं अर्धं मराठी अर्धं माळवी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि भराभरा सांगितलं. नवऱ्याने तिला सांगितलेलं, नवऱ्याला त्याच्या आईने. देवासच्या त्या घरी खरा इटलीचा बास होता. तिथला तेव्हाचा मास्तर तो एका लग्नाला घेऊन निघाला होता आणि कालीसिंध नदीच्या उतारावर गाडी उलटली. वरून मोठ्या पेट्या पडल्या, वाद्याचा चुरा झाला. मालक तेव्हा काशीला गेलेले. मास्तर रडत हिच्या सासऱ्याकडे आला, पाय धरले, आणि चार महिन्यांत अगदी तसाच दुसरा करून दे म्हणाला. कोठाराची किल्ली मास्तरकडेच होती, फळ्या त्यानेच काढून दिल्या. सासऱ्याने तुकडे जुळवून माप घेतलं आणि गोठ्यामागे बसून वाद्य केलं. कोणाला सांगणार नाही अशी बेलभंडाऱ्याची शपथ घेतली. मालक परतले. त्यांना काही कळलं नाही. पण कोठारातल्या फळ्या कमी भरल्या, आणि विचारणा झाली तेव्हा मास्तरने सुताराचं नाव सांगितलं.

‘‘शपथ मोडायची नाही म्हणून हे गप्प बसले,’’ ती म्हणाली. ‘‘तो मास्तर मरून गेला. माझा नवरा अजून चोराचा मुलगा आहे. देवासात कोणी त्याला दारात उभं करत नाही, म्हारे टाबरांना, लेकरांना पण तेच ऐकावं लागणार. भाऊ, तुम्ही सरदारांना सांगा. पण मी बोलले हे यांना कळू देऊ नका. हे माझा जीव घेतील.’’

मी तिला वचन दिलं. विहिरीच्या काठावर, तिच्या डोळ्यांकडे पाहून दिलं. आणि ते देताना मी मनात धारच्या ओसरीवर उभा होतो आणि मास्तर समोर पानाचा तोबरा धरून गप्प बसला होता.

परत आल्यावर मी सरदारांना एकांतात गाठलं. सुनेचं नाव मी घेतलं नाही, एवढं खरं. सरदारांना आधी राग आला तो माझा. मग पोटाच्या फटीतून दिवा आत धरून, लांब सळईने चिठ्ठीचा कोपरा उचलून त्यांनी स्वतः पापुद्रा पाहिला आणि राग फिरला. त्यांनी पीपलरावांला गाडी पाठवली. देवासच्या सासुरवाडीचा माणूस सोबत होता, तेव्हा म्हाताऱ्याला नाही म्हणता आलं नसावं. आठ दिवसांनी तो हवेलीच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. धुतलेलं धोतर, डोक्याला मुंडासं, पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे.

सकाळची वेळ होती. सरदार झोपाळ्यावर, मास्तर खांबाला टेकून, वादक खाली बसलेले, आणि मधोमध बास, पाठ वर करून दोन बाजांवर निजवलेला. सरदारांनी मला बोलायला सांगितलं. मी बोललो. हवं होतं त्यापेक्षा जास्त बोललो. तून, वेळू, डाव्या हाताची पटाशी. मास्तर मध्येच म्हणाला की जुनं वाद्य आहे, कोणीतरी कधीतरी दुरुस्त केलं असेल, त्याने काय होतं. वादकांपैकी एकाने मान हलवली. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी म्हणालो, ‘‘दुरुस्त नाही. खरा बास कालीसिंधच्या उतारावर फुटला. गाडी उलटली तेव्हा वरून पेट्या पडल्या. हा गोठ्यामागे बसून केलाय.’’

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या आहेत, पण तसं कोणी पाहिलं नाही. गोठा, उतार, पेट्या. या गोष्टी त्याच्या घराबाहेर कोणाला माहीत नव्हत्या. घरात सांगणारी एकच होती.

सरदारांनी त्याला विचारलं, हे तुझं काम आहे का. खरं बोललास तर फळ्यांचा डाग पुसून टाकीन, देवासला तसं लिहून पाठवीन, असंही म्हणाले. म्हातारा बासपाशी गेला. हात लावला नाही. एकदा वरून खालपर्यंत पाहिलं, जशी बाजारात दुसऱ्याची जनावरं पाहतात.

‘‘नाही सरकार,’’ तो म्हणाला. ‘‘असलं काम मला येत नाही. मी नांगर करतो.’’

सरदारांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मी ओरडलो की याच्या हातात वाकस द्या आणि पाहा कोणत्या हातात धरतो. म्हाताऱ्याने शांतपणे उजवा हात पुढे केला. मास्तर हसला. मग वादक हसले. दोन वर्षांपूर्वी जे हसू मी मास्तरवर आणलं होतं ते जसंच्या तसं माझ्यावर आलं, आणि या वेळी त्यात सरदारही होते; पापुद्रा त्यांनी पाहिला होता, पण बास इटलीचाच राहिला तर त्यांना हवंच होतं. मला सांगण्यात आलं की माझं काम संपलं, पुन्हा हवेलीत येऊ नये.

मी म्हाताऱ्याला फाटकाबाहेर गाठलं. गाडीत चढत होता. मी त्याला विचारलं की एका शब्दाने तुमच्या मुलाचं नाव धुऊन निघालं असतं, तो का बोलला नाहीत. माझा आवाज चढला होता. मला वाटत होतं की त्याने माझंच वाटोळं केलं.

तो खाली उतरला, माझ्यासमोर आला आणि हळू बोलला.

‘‘तीस वर्षं तुम्ही लोकांनी मला चोर म्हटलं. आज कारागीर म्हणणार होता. का, तर तुला त्या पुणेकराला तोंडावर पाडायचं होतं. तू माझ्यासाठी आला नव्हतास. तुमच्या तोंडून मला चोरही नको आणि कारागीरही नको.’’

मी काहीतरी बोलायला गेलो. त्याने हात वर केला, डावा.

‘‘आणि त्या पोरीला तू शब्द दिला होतास. दिला होतास की नाही?’’

मी हो म्हणालो.

‘‘मी पण एकाला दिला होता,’’ म्हणाला आणि गाडीत बसला. गाडीवानाने बैल हाकले. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभा होतो, आणि एवढं ऐकूनही मला राग त्याचाच येत होता.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेली हत्यारं न्यायला गेलो. फाटकावरच्याने आत सोडलं नाही, मास्तरच ती फडक्यात बांधून घेऊन आला. मला वाटलं, टोमणा मारेल. त्याने बोचकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ‘‘तून आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं. मी चार वर्षं वाजवतोय ते. लाकडाचा आवाज मला कळत नाही असं वाटलं तुला?’’

मग बोलला का नाहीस, मी विचारलं.

‘‘इटलीचं आहे म्हणून ते ओसरीवर आहे. पाहुण्यांपुढे वाजतं. देवासच्या सुताराचं म्हटलं असतं तर अडगळीत गेलं असतं, आणि वाजवणारा त्याच्यामागून. मला ते वाद्य आवडतं.’’ तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. ‘‘तुझा सांधा तेव्हा मी मुद्दाम उखडला होता. तो चांगला होता.’’

हे त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मी त्याच्यावर थुंकलो. त्याने मला मारलं, मी त्याला मारलं, फाटकावरच्याने दोघांना सोडवलं. माझं एक बोट त्या वेळी जे दुखावलं ते अजून नीट मिटत नाही. त्यानंतर मी त्याच्याशी कधी बोललो नाही. दोन वर्षांनी तो दुसऱ्या संस्थानात गेला असं ऐकलं.

हवेलीचं काम सुटल्यावर मी सरदारपूरच्या बाजूला कपाटं आणि पलंग करत हिंडलो. पुष्कळ वर्षांनी, मुलीचं लग्न ठरवायला कन्नौदला गेलो होतो, तेव्हा तिथल्या धान्यबाजारात ती सून दिसली. केस पिकले होते. तिने मला आधी ओळखलं. मी विचारण्याच्या आत तिनेच सांगितलं की सासरा वारला, त्याला आता बारा वर्षं झाली. धारहून परतल्यावर त्याने तिला एका शब्दानेही विचारलं नाही. मारलं नाही, रागावला नाही. फक्त तिच्या हातचं अन्नपाणी बंद केलं. स्वतः दगडाची चूल मांडून कणकेचे बाफले भाजून खायचा. शेवटच्या आजारात हात चालेना, तरी तोंड मिटून घ्यायचा, मुलाने भरवलं तरच खायचा.

‘‘तुमचं काय गेलं?’’ ती म्हणाली. तिने ते रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं, जणू मला माहीत असेल तर तिला ऐकायचं होतं.

मी म्हणालो, माझं काम गेलं.

‘‘काम कुठेही मिळतं,’’ ती म्हणाली, आणि पोत्याकडे वळली. तिने पुन्हा मान वर केली नाही. तिचा नवरा कुठे असतो, मुलं काय करतात, हे विचारायचं मनात होतं, पण ते विचारायचा हक्क माझा नव्हता.

तो बास अजून आहे असं कळतं. सरदार गेले, त्यांच्या मुलांनी बाजा, म्हणजे वादकांचा ताफा, मोडला, व्हायोलिनी वाटल्या गेल्या, बास मोठा म्हणून कोणी नेला नाही. गेल्या वर्षी त्या घरातून मला निरोप आला होता की एका साहेबाला तो पाहायचा आहे, कोणाचा आणि कुठला ते लेखी हवं आहे, धारमध्ये आता हे सांगणारा तुमच्याशिवाय कोणी उरला नाही. मी कळवलं की माझी नजर गेली.

नजर बरी आहे. तो देवासच्या डावखुऱ्या सुताराने केलेला आहे, तुनाचा, वेळूच्या पट्ट्यांचा, चार महिन्यांत, गोठ्यामागे बसून. इतकं चांगलं काम मी कधी करू शकलो नाही. मी ते इथे लिहितो आहे हे त्याला आवडलं नसतं, आणि मी त्याला विचारलेलंही नाही.